न वाकणारी क्लिप

दातांना क्लिपा बसवायचे ठरले की घरात चर्चा होते ती खर्चाची, किती महिने लागतील याची आणि फोटोत दात कसे दिसतील याची. काढताना काय करतात, हे सहसा कोणी विचारत नाही. क्लिपा धातूच्या असतील तर विचारण्यासारखे त्यात फारसे काही नसतेही. ऑर्थोडोंटिस्ट आधी तार सोडवून घेतात. मग खास पक्कडीच्या दोन चोची दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना टेकवून दाब देतात. स्टेनलेस स्टीलचा तो चिमुकला तुकडा दबतो, त्याचा तळ जरासा मुडपतो, एका कडेने उचलला जातो आणि दातावरून सोलून निघाल्यासारखा सुटतो. एका दाताला सेकंद-दोन सेकंद. पेशंटला कट् असा आवाज येतो, थोडेसे दडपल्यासारखे वाटते, की पुढचा दात.

ही सगळी सहजता एका गुणावर उभी आहे. पोलाद वाकते. तुटण्याआधी त्याची लांबी वीसेक टक्क्यांनी वाढू शकते. दाताच्या रंगाशी मिसळून जाणारा सिरॅमिकचा ब्रॅकेट मात्र एक टक्कासुद्धा ताणला जात नाही, त्याआधीच तडकतो. पक्कडीच्या दाबाला तो मुळीच दाद देत नाही. दाब वाढवत नेला तर एकतर त्याचे पंख उडतात, नाहीतर त्याला धरून ठेवणारा थर सुटतो, आणि नशीब वाईट असेल तर दाताच्या कवचाचा टवका निघतो. दातांवर लेझर रोखण्याची वेळ आली ती या न वाकण्यामुळे.

सिरॅमिक दातांवर आले ते मोठ्या माणसांसाठी. शाळकरी मुलाला चांदीसारखे चमकणारे ब्रॅकेट चालून जातात, कधी कधी मिरवायलाही आवडतात. पण बँकेत काउंटरवर बसणाऱ्या, कोर्टात उभे राहणाऱ्या किंवा लग्न ठरलेल्या माणसाला ते नको असतात. सत्तरच्या दशकात प्लास्टिकचे ब्रॅकेट निघाले होते. ते चहा-मसाल्यांनी पिवळे पडत आणि तारेच्या जोराने त्यांची खाच फाकत असे. मग 1986-87च्या सुमारास अमेरिकी बाजारात सिरॅमिकचे ब्रॅकेट आले, आणि त्यांचे मूळ दंतवैद्यकाबाहेरचे होते. युनिटेक कंपनीने सेराडाइन या सिरॅमिक बनवणाऱ्या कंपनीकडून जो पारभासक ॲल्युमिना घेतला, तो उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या अवरक्त संवेदकांवरचे आवरण म्हणून वापरला जात होता. कठीण, उष्णतेला न जुमानणारा आणि प्रकाश पलीकडे जाऊ देणारा. शत्रूच्या विमानामागे धावणाऱ्या यंत्राला जे हवे होते, ते दातांच्या डॉक्टरांनाही हवे होते.

2002 मध्ये चाळिशीला आलेल्या टॉम क्रूझने असे सिरॅमिक ब्रॅकेट लावले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. मोठ्या वयात क्लिपा लावायला संकोच वाटण्याचे काही कारण नाही, ही गोष्ट कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा त्या एका हसऱ्या फोटोने जास्त जणांना पटवली असेल.

ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड. निसर्गात तो कुरुंद म्हणून सापडतो. त्याचे ब्रॅकेट दोन तऱ्हेचे. एका तऱ्हेत संबंध ब्रॅकेट एकाच स्फटिकातून कोरतात. तो कृत्रिम नीलम असतो आणि काचेसारखा आरपार दिसतो. दुसऱ्या तऱ्हेत ॲल्युमिनाची बारीक भुकटी साच्यात घालून उच्च तापमानाला भाजतात. त्यात असंख्य सूक्ष्म कण एकमेकांना चिकटलेले असतात आणि प्रत्येक सांध्यावर प्रकाश थोडा विखुरतो, म्हणून तो दुधी दिसतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण लेझरची गोष्ट पुढे त्याच्यावरच अडते.

दोन्ही प्रकार दाताच्या एनॅमलपेक्षा, म्हणजे कवचापेक्षा, कितीतरी कठीण. मोसच्या काठिण्यश्रेणीत कुरुंद नवव्या पायरीवर आहे आणि एनॅमल पाचव्या पायरीच्या आसपास. खालच्या दातांवरच्या सिरॅमिक ब्रॅकेटला वरचे दात चावताना घासले, तर झिजतात ते दात. म्हणूनच पुष्कळ डॉक्टर सिरॅमिक फक्त वरच्या पुढच्या दातांना लावतात आणि बाकीच्यांना धातू.

पण ब्रॅकेट दाताला चिकटतो तरी कसा? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो चिकटतच नव्हता. प्रत्येक दाताला धातूची पट्टी गुंडाळून तिच्यावर ब्रॅकेट जोडत. 1955 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात काम करणाऱ्या मायकेल ब्युनोकोर यांनी एक साधा पण धाडसी प्रयोग मांडला. एनॅमलवर अर्धा मिनिट 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल लावायचे आणि धुऊन टाकायचे. आम्लाने पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो, पातळ राळ त्या खाचांत शिरते, तिथेच घट्ट होते आणि जणू मुळे रोवून बसते. रंग धातूच्या पत्र्यावर नीट बसावा म्हणून कारखान्यात आम्ल वापरतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. पुढे राफाएल बोवेन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला जी राळ तयार केली, तिच्यावर आजचे बहुतेक दंत-कंपोझिट आधारलेले आहेत. सत्तरच्या दशकात पट्ट्या मागे पडल्या आणि ब्रॅकेट थेट दातावर बसू लागला.

इथे एक विचित्र मागणी उभी राहते. गोंद असा हवा की दोन वर्षे भाकरी, चिक्की आणि ऊस सोसूनही तो सुटता कामा नये. आणि असाही हवा की ठरल्या दिवशी मुकाट्याने सुटावा. 1975 मध्ये रेनॉल्ड्स यांनी सुचवले की सहा ते आठ मेगापास्कलची पकड रोजच्या वापराला पुरते. हा आकडा आजही प्रमाण मानला जातो. सुरुवातीच्या सिरॅमिक ब्रॅकेटच्या उत्पादकांनी मात्र ब्रॅकेट गळून पडू नये म्हणून तळाला सिलेनचा लेप दिला. त्यामुळे राळ आणि सिरॅमिक यांच्यात रासायनिक बंध तयार झाला आणि पकड गरजेच्या दुप्पट-तिप्पट झाली.

परिणाम व्हायचा तोच झाला. ब्रॅकेट आणि दात यांच्यामध्ये तीन जागा तुटू शकतात: ब्रॅकेट आणि राळ यांचा सांधा, खुद्द राळेचा थर, आणि राळ व एनॅमल यांचा सांधा. पहिली जागा सुटली तर सगळ्यात उत्तम. राळ दातावर राहते, ती नंतर घासून काढता येते. पहिली जागा रसायनाने पक्की झाली आणि ब्रॅकेट वाकायलाही तयार नसला, तर सगळा ताण शेवटच्या सांध्यावर जातो. 1990च्या आसपास ऑर्थोडोंटिक्सच्या नियतकालिकांत ब्रॅकेटबरोबर एनॅमलचा टवका निघाल्याचे अहवाल छापून येऊ लागले. एनॅमल परत उगवत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपतात. दात सरळ करायला आलेल्या माणसाला टवका उडालेला दात घेऊन घरी पाठवणे, यापेक्षा ओशाळवाणा प्रसंग ऑर्थोडोंटिस्टवर क्वचितच येत असेल.

मग उपाय शोधले गेले. हिऱ्याच्या बरने, म्हणजे घासायच्या फिरत्या टोकाने, ब्रॅकेट घासूनच टाकायचा: चालते, पण वेळ फार लागतो, दात तापतो आणि पांढरी धूळ उडते. अल्ट्रासोनिक टोकाने कडेची राळ कोरत जायची: एनॅमलला सुरक्षित, पण एका दाताला अर्धा-पाऊण मिनिट, आणि कठीण सिरॅमिकवर घासून महागडी टोके झिजतात. तिसरा उपाय उष्णतेचा होता. बॅटरीवर तापणारे टोक ब्रॅकेटला लावले की खालची राळ मऊ पडते. सोनार नक्षीकामासाठी दागिना लाखेत बसवतात आणि काम झाले की लाख तापवून तो सोडवतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की सोनाराच्या लाखेखाली लाकडाचा ठोकळा असतो, आणि इथे राळेखाली जिवंत दात.

त्या जिवंतपणाचे एक माप 1965 पासून दंतवैद्यकात ठाण मांडून आहे. झॅक आणि कोहेन या दोन संशोधकांनी ऱ्हिसस माकडांचे दात बाहेरून तापवले आणि आतल्या गराचे, म्हणजे पल्पचे, काय होते ते पाहिले. गराचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने चढले तेव्हा सुमारे 15 टक्के दातांचा गर सावरलाच नाही. अकरा अंशांच्या वाढीला 60 टक्के गेले, साडेसोळा अंशांना सगळेच. दातावर उष्णता वापरणारे प्रत्येक उपकरण आजही त्या साडेपाच अंशांच्या रेघेशी ताडून पाहतात. राळ मऊ व्हायला तर दीडशे-दोनशे अंश लागतात. म्हणजे कवचाच्या बाहेर दीडशे अंश आणि आत, काही मिलिमीटरवर, साडेपाचपेक्षा कमी वाढ. हे जमायचे असेल तर उष्णता नेमकी हवी त्या जागी आणि अगदी थोडाच वेळ असायला हवी.

लेझरचा उपयोग इथे सुचतो. गंमत अशी की पहिला लेझर याच कुरुंदातून निघाला होता. 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथे थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून लाल किरण काढला. माणिक म्हणजे किंचित क्रोमियम मिसळलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडच, नीलमाचा सख्खा भाऊ. चार-पाच वर्षांत तो किरण दातांवर पोचला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी 1965 मध्ये जिवंत दातावर माणिक-लेझर वापरला, आणि दात होता त्यांच्या दंतवैद्य भावाचा. एवढे धाडस घरातल्याच माणसाने करावे.

दुसरा महत्त्वाचा लेझर घडवणारा माणूस बारामतीत जन्मलेला. चंद्रकुमार पटेल 1958 मध्ये पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेले आणि तिथून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. तिथे 1964 मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर बनवला. त्याचे किरण 10.6 मायक्रॉन लांबीच्या लहरींचे, डोळ्यांना न दिसणारे. पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो सगळीकडे गेला, आणि 1992 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या गटाने जेव्हा सिरॅमिक ब्रॅकेट लेझरने सोडवण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी वापरलेल्या दोन लेझरांपैकी एक हाच होता. दुसरा होता याग स्फटिकाचा. किरण दिल्यावर ब्रॅकेट सोडवायला लागणारे बळ लक्षणीय घटल्याचे त्यांना दिसले.

पण दोन्हींची काम करण्याची तऱ्हा वेगळी आहे. नीलम अतिनील प्रकाशापासून साधारण पाच मायक्रॉनपर्यंतच्या लहरी आरपार जाऊ देतो, 10.6 मायक्रॉनला तो भिंतीसारखा अपारदर्शक असतो. त्यामुळे पटेलांच्या लेझरचा किरण ब्रॅकेटमध्येच शोषला जातो. ब्रॅकेट तापतो आणि त्याची उष्णता राळेत उतरते. म्हणजे शेवटी हे बॅटरीवरच्या तापत्या टोकाचेच काम, फक्त अधिक नेमके. तापलेला ब्रॅकेट दातावर रेंगाळला तर गराला धोका, सुटून जिभेवर पडला तर चटका.

1993 मध्ये तोक्यो आणि सहकाऱ्यांनी (हे आडनाव इटालियन, जपानच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही) वेगवेगळ्या लहरींनी ब्रॅकेट सोडवून पाहिले आणि या सुटण्याचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात राळ हळूहळू तापून मऊ होते आणि ब्रॅकेट घसरतो. वेळ जास्त, म्हणून सगळेच गरम. दुसऱ्यात राळ इतक्या झटक्यात तापते की मऊ व्हायच्या आधीच तिची वाफ होते आणि ती वाफ ब्रॅकेटला उडवून लावते. उष्णता पसरायला सवडच मिळत नाही. तिसऱ्यात प्रकाशाची ऊर्जा राळेच्या रेणूंचे बंधच तोडते. दाताच्या दृष्टीने शेवटचे दोन बरे. वरवर पाहता उलटे वाटते, पण जास्त जोरदार आणि अगदी क्षणिक किरण हा मंद आणि लांबलेल्या किरणापेक्षा दाताला सौम्य ठरतो.

म्हणजे प्रश्न उरतो तो लहर निवडण्याचा. दंतवैद्यांकडे सर्वांत जास्त आढळणारा लेझर म्हणजे डायोड. छोटा, तुलनेने स्वस्त, हिरड्यांच्या कामासाठी घेतलेला. तो चालला असता तर सगळेच सोपे होते. 2010 मध्ये फेल्डन आणि सहकाऱ्यांनी तो दोन्ही तऱ्हांच्या ब्रॅकेटवर तपासला. एकसंध नीलमाच्या ब्रॅकेटला लागणारे बळ स्पष्टपणे कमी झाले आणि गरही फारसा तापला नाही. भाजलेल्या दुधी ब्रॅकेटवर मात्र त्याचा काही ठसा उमटला नाही. त्या असंख्य सांध्यांवर प्रकाश विखुरतो, राळेपर्यंत पुरेसा पोचतच नाही. आणि डॉक्टरांकडे येणाऱ्या पेशंटच्या तोंडात पुष्कळदा हेच दुधी ब्रॅकेट असतात.

आजवरच्या प्रयोगांत सरस ठरला तो एर्बियम-याग लेझर. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात केलर आणि हिब्स्ट यांनी 1989 मध्ये तो दाताच्या कठीण भागावर चालतो हे दाखवले होते, आणि अमेरिकेत 1997 मध्ये दात कोरण्यासाठी त्याला परवानगी मिळाली. त्याची लहर 2.94 मायक्रॉनची. ॲल्युमिनातून ती बऱ्याच अंशी पार होते, दुधी असला तरी. पण पाणी तिला अधाशासारखे शोषून घेते. राळेत थोडे पाणी आणि न जुळलेले मोनोमर, म्हणजे राळेचे सुटे रेणू, अडकलेले असतात; किरण तिथे पोचला की त्यांचे सूक्ष्म स्फोट होतात आणि राळेचा थर आतून फुटतो. ब्रॅकेट थंड, एनॅमल जवळपास थंड, घाव फक्त मधल्या गोंदावर.

2010 मध्ये तुर्कस्तानातल्या संशोधकांनी एकाच जागी किरण रोखण्याऐवजी तो ब्रॅकेटवरून फिरवत न्यायची पद्धत प्रसिद्ध केली. नऊ सेकंद असा फिरवल्यावर ब्रॅकेट सुटायला लागणारे बळ सरासरी 20.75 मेगापास्कलवरून 9.52 वर आले. त्याच गटाने पुढच्या वर्षी गराचे तापमान मोजले. तीन सेकंदांना 0.67 अंशांची वाढ, सहा सेकंदांना 1.25, नऊ सेकंदांना 2.36. साडेपाच अंशांची रेघ बरीच दूर राहिली. त्यांचा कौल सहा सेकंदांच्या बाजूने पडला. असे प्रयोग गुरांच्या पुढच्या दातांवर किंवा माणसाच्या उपदाढांवर करतात. उपदाढा मिळतात त्याही ऑर्थोडोंटिस्टच्याच पेशंटकडून, इतर दातांना जागा करून देण्यासाठी काढलेल्या.

खुर्चीजवळ हे काम कसे चालते? आधी डॉक्टर, मदतनीस आणि पेशंट तिघेही त्या विशिष्ट लहरीसाठी बनवलेले चष्मे लावतात. एका लेझरचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही. तोंडातली चकाकणारी हत्यारे दूर ठेवतात, कारण किरण त्यांवरून परतू शकतो. तार सहसा ब्रॅकेटमध्येच राहू देतात, म्हणजे सुटलेला तुकडा घशात न जाता तारेला लटकून राहतो. मग लेझरचे टोक ब्रॅकेटपासून एक-दोन मिलिमीटरवर धरून, पाण्याच्या फवाऱ्यासह, आडव्या-उभ्या रेघांनी फिरवतात. टकटक असा बारीक आवाज येत राहतो. पक्कड लागतेच, पण ती आता जोर लावण्यापेक्षा उचलून घेण्यासाठी. कधी कधी ब्रॅकेट त्याआधीच आपोआप निखळतो.

एवढे सगळे असूनही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात हे दृश्य दिसत नाही. एर्बियम-यागचे यंत्र महाग आहे, आणि फक्त ब्रॅकेट काढण्यासाठी ते घेणे कोणत्याही ऑर्थोडोंटिस्टच्या हिशेबात बसणार नाही. शिवाय लेझरने ब्रॅकेट सुटतो, राळ नाही. दातावर उरलेला थर टंगस्टन कार्बाइडच्या बरने घासून, मग पॉलिश करून काढावाच लागतो, आणि एनॅमलला बारीक ओरखडे पडायचा धोका या घासण्यातही असतोच.

उत्पादकही गप्प बसले नाहीत. सिलेनचा अट्टहास त्यांनी सोडला. तळाला रसायनाऐवजी खाचाखोचांची पकड दिली, म्हणजे तुटले तर ब्रॅकेट आणि राळ यांच्या सांध्यावर तुटावे. काही ब्रॅकेटच्या तळात मुद्दाम उभी कमजोर रेघ ठेवली. पक्कडीने दाबले की ब्रॅकेट त्या रेघेवर दुमडून मोडतो आणि सुटतो. पोलादाला जो वाकण्याचा गुण जन्मतः होता, तो सिरॅमिकमध्ये कारागिरीने घातला गेला. लेझरची निकड त्यामुळे बरीच कमी झाली, हे त्याच्या समर्थकांनी मान्य करायला हवे. जुन्या पद्धतीचे ब्रॅकेट, आधीच तडे गेलेले किंवा मोठे फिलिंग असलेले दात, हिरड्यांच्या आजाराने हलणारे दात जे पक्कडीचा पीळ सोसणार नाहीत, अशा ठिकाणी मात्र त्याचा आधार खरा आहे.

या तंत्राला मोठे काम मिळाले ते शेजारच्या खोलीत. पुढच्या दातांवर चिकटवलेले पोर्सेलिनचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हेनियर, काढायची वेळ आली की आजवर ते बरने कापून फेकून द्यावे लागत. खालचा दात आणि व्हेनियर यांचा रंग इतका जुळलेला असतो की एक संपून दुसरा कुठे सुरू झाला हे कळणे कठीण. 2011 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने एर्बियम-यागनेच व्हेनियर सोडवून दाखवले, आणि पुढे संपूर्ण सिरॅमिकच्या कॅपांवरही तीच रीत लागू केली. तत्त्व तेच: सिरॅमिकमधून पार जायचे आणि गोंदातले पाणी उकळवायचे. ब्रॅकेट निघाला की कचऱ्यात जातो, तो अख्खा राहिला काय आणि फुटला काय, पेशंटला फरक पडत नाही. व्हेनियर मात्र वाकडा बसला म्हणून काढला आणि अख्खा हाती आला, तर साफ करून त्याच दाताला पुन्हा लावता येतो, आणि हजारो रुपयांचे काम नव्याने करून घ्यावे लागत नाही.